कुर्ल्याची अमेरिकन

लांबलचक बॉनेट, चंदेरी दात विचकल्यासारखी जाळी आणि आत सोफ्यासारखी सीट. अशी जुनी गाडी दिसली की आपल्याकडे पहिला शब्द निघतो तो 'इम्पोर्टेड'. ठाण्यातल्या एखाद्या जुन्या बंगल्याच्या आवारात ताडपत्रीखाली झाकलेली डॉज असू दे, नाहीतर कल्याणला वाड्यामागे चाकं बसलेली प्लिमथ असू दे, घरातलं कुणीतरी सांगणारच, "आजोबांनी अमेरिकेहून मागवली होती." आजोबांबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, बऱ्याचदा तसं नसतं. ती गाडी आली असते कुर्ल्याहून. म्हणजे ठाण्याहून स्लो लोकलने अर्ध्या तासाच्या अंतरावरून!

अशी गाडी घरच्या घरी, बाबा-काका-भावंडांनी मिळून पुन्हा चालती करायची हौस आता आपल्या पिढीलाही लागली आहे. यूट्यूबवर कुणीतरी अमेरिकन माणूस आपल्या ऐसपैस गराजमध्ये मुलाला हाताशी घेऊन हे काम करताना आपण बघितलेला असतो. पण त्याच्यासमोरचं काम आणि आपल्यासमोरचं काम एकच नाही, कारण दोन्ही गाड्यांचा इतिहास एक नाही. तर आधी इतिहास, मग पाने-पक्कड.

सुरुवात सोलापूरच्या एका माणसापासून. वालचंद हिराचंद, जन्म १८८२. आधी रेल्वेची कंत्राटं, मग १९१९ मध्ये सिंधिया कंपनीची जहाजं, नाशिक जिल्ह्यात रावळगावची साखर, १९४० मध्ये बंगलोरचा विमान कारखाना. या माणसाने हात घातला नाही असा धंदा शोधावा लागेल. भारतात मोटार बनली पाहिजे ही कल्पना त्या काळी विश्वेश्वरय्यांनीही लावून धरली होती, आणि १९३७ मध्ये मुंबई इलाख्यात आलेलं काँग्रेसचं मंत्रिमंडळही तिला अनुकूल होतं. १९३९ मध्ये वालचंद अमेरिकेला गेले. फोर्डशी बोलणं पुढे सरकलं नाही, क्रायसलरशी जमलं. १९४० मध्ये करार झाला, पण तोवर महायुद्ध पेटलं होतं आणि दिल्लीतलं इंग्रज सरकार हिंदी मोटार कारखान्याला काही हात देईना. शेवटी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी निघाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडायला लागल्या. देश आणि गाडी एकाच वर्षातले, बरं का.

आता एक गोष्ट स्पष्ट करू. मुंबईत अमेरिकन गाडी जोडणं हे काही १९४७ मध्ये नवं नव्हतं. जनरल मोटर्सने शिवडीला १९२८ मध्येच कारखाना टाकला होता. जहाजातून खोकी यायची, त्यांतले भाग जोडून शेवरोले तयार व्हायची. फरक हेतूत होता. जनरल मोटर्सला जोडणीच करायची होती. वालचंदांना जोडता जोडता एकेक भाग इथे बनवायचा होता. हा फरक पुढे निर्णायक ठरला. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने सांगितलं की ज्यांना इथे उत्पादन करायचं नाही, नुसती जोडणी करायची आहे, त्यांना परवानगी नको. सरकारने ते मानलं. १९५४ पर्यंत जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघांनीही गाशा गुंडाळला. कुर्ला राहिलं. वालचंद मात्र हे बघायला नव्हते, ते एप्रिल १९५३ मध्येच गेले.

कुर्ल्यातून निघायच्या त्या गाड्यांची नावं तुम्ही ऐकली असतील: डॉज किंग्जवे, डिसोटो डिप्लोमॅट आणि प्लिमथ सॅव्हॉय. तीन नावं, तीन रुबाब. आता आतली गोष्ट. तिन्ही गाड्या मुळात एकच! खाली प्लिमथ, वर वेगळी जाळी, वेगळी पट्टी, वेगळा बिल्ला. सॉफ्टवेअरवाल्यांना सांगायला नको, एकच कोड आणि तीन क्लायंटचे तीन लोगो. हा क्रायसलरचा निर्यातीसाठीचा जुना खाक्या होता. अमेरिकेत मिळणारी मोठी डॉज वेगळी, बाहेरच्या देशांना मिळणारी डॉज म्हणजे डॉजचा मुखवटा लावलेली प्लिमथ. म्हणूनच घरच्या डॉजसाठी अमेरिकेतून डॉजचे भाग मागवले की डोक्याला हात लावायची वेळ येऊ शकते. दार प्लिमथचं, काच प्लिमथची, आणि मागवलं भलतंच.

इंजिन मात्र या कुटुंबाचं भूषण. सहा सिलिंडर, सगळे एका रांगेत, व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नसून बाजूला ब्लॉकमध्ये, म्हणून हेड म्हणजे जवळजवळ एक सपाट झाकण. प्लिमथच्या इंजिनाचा बोअर सव्वातीन इंच, स्ट्रोक चार पूर्णांक तीन अष्टमांश इंच. गुणाकार करून बघा, २१७.८ घन इंच येतात, म्हणजे सुमारे ३.६ लिटर. आपल्या मारुती ८०० च्या साडेचार पट. ताकद त्या मानाने बेताची, पण स्वभाव गरीब. हळू फिरणारं, कमी कॉम्प्रेशनचं, कसल्याही पेट्रोलवर चालेल असं इंजिन. प्लिमथने हे सहा सिलिंडरचं इंजिन १९३३ मध्ये आणलं आणि १९५९ पर्यंत चालवलं, शिवाय तेच घराणं ट्रकांतही बसलं. त्यामुळे आजही रिंगा, गॅस्केट, बेअरिंग असं इंजिनाच्या आतलं सामान अमेरिकेतून मिळतं. न मिळणाऱ्या गोष्टी वेगळ्याच आहेत, त्याकडे येतोच.

१९५४ मध्ये कुर्ल्यात फियाट ११०० आली. हीच ती पुढे 'डुक्कर फियाट' म्हणून लाडाने ओळखली गेलेली गाडी. गरीब देशात पेट्रोल पिणाऱ्या हत्तीपेक्षा डुक्कर परवडलं. १९५७ च्या सुमारास परकीय चलनाची टंचाई झाली, आयातीवर कुलूप बसलं, आणि मोठ्या अमेरिकन गाड्यांचं कुर्ल्यातलं दाणापाणी संपत गेलं. डॉज आणि फार्गो ही नावं ट्रकांवर टिकली. कारखाना फियाटचा झाला. १९६४ मध्ये डिलाइट, १९७४ मध्ये तिचंच नाव पद्मिनी, आणि पुढची कथा सगळ्यांना पाठ आहे. मुंबईत शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सीसुद्धा वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ पासून इतिहासजमा झाली.

आपल्या विषयाच्या दृष्टीने खरा इतिहास इथे सुरू होतो. कारखान्याने सोडून दिलेल्या या गाड्या पुढची तीस-चाळीस वर्षं जगल्या कशा? अमेरिकेत गाडी जुनी झाली की भंगारात जायची. आपल्याकडे ती जाऊच शकत नव्हती, कारण नवीन मिळत नव्हती. मग ती हातांवर जगली. कुणी डॉजला ट्रकचा रेडिएटर बसवला. कुणी लेथवर बुश बनवून घेतले. १९७३ नंतर पेट्रोलचे भाव भडकले तेव्हा अनेकांनी ते सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन चक्क उचलून बाहेर काढलं आणि डिझेल बसवलं. आरसी बुकात इंधनाची नोंद बदलून घेतली, गाडी धडधडत लग्नाच्या वराती ओढायला लागली. सहा व्होल्टची वायरिंग गेली, बारा व्होल्टची आली. मूळ रंग गेला, त्यावर चार ड्युको चढले. ('ड्युको' हे अमेरिकेतल्या ड्युपाँट कंपनीच्या १९२०च्या दशकातल्या रंगाचं नाव. आपल्याकडे सुतारही कपाटाला ड्युको मारतो, ते हेच.)

आता घरात गाडी उघडली आहे, रविवार आहे, सगळे जमले आहेत. पहिला प्रश्न पान्याचा. ही गाडी इंचाची, आपल्या घरातला संच मिलिमीटरचा. आपल्याकडच्या जुन्या फिटरकडे याचं सुंदर माप आहे: सूत. एका इंचाचे आठ सूत. अर्ध्या इंचाचा पाना म्हणजे चार सूत, नऊ सोळांशाचा म्हणजे साडेचार सूत. साडेचार सुताच्या बोल्टवर चौदाचा पाना बसत नाही आणि पंधराचा बसतो पण सरकतो, मग बोल्टचे कोपरे गोल होतात आणि पुढचा रविवार तो एक बोल्ट काढण्यात जातो. दुसरा सापळा चाकांचा. क्रायसलरच्या गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांचे बोल्ट उलट्या आट्यांचे असतात. नवखा गडी पान्यावर उभा राहून सोडवायला जातो, प्रत्यक्षात आणखी आवळतो, आणि शेवटी बोल्ट तुटतो. यात घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस 'अरे, उलटा फिरव' म्हणालं तर ऐकावं.

विजेचंही तसंच. मूळ गाडी सहा व्होल्टची, आणि बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक चासीला जोडलेलं, आजच्या बरोब्बर उलट. सहा व्होल्टवर त्याच उजेडाच्या बल्बला दुप्पट करंट लागतो, म्हणून वायर जाड लागते. बाजारातली आजची बारीक वायर घालून 'ओरिजिनल सहा व्होल्ट' करायला गेलात तर दिवे मिणमिणतील आणि वायर तापेल. एकतर जाड वायरने नीट सहा व्होल्ट करा, किंवा सरळ बारा व्होल्ट ठेवा. मधलं काही करू नका.

आणि न मिळणाऱ्या गोष्टी? स्टिअरिंग उजवीकडे असल्यामुळे जे जे बदललं, ते सगळं. स्टिअरिंगच्या दांड्या, डॅशबोर्ड, पेडलची रचना. अमेरिकेत डावीकडचं स्टिअरिंग, त्यामुळे तिथल्या कॅटलॉगात हे नसतंच. मग आपल्याला जावं लागतं कुर्ल्याला, सीएसटी रोडच्या भंगारवाल्यांकडे. जिथे गाडी जन्मली तिथेच तिचे अवयव शोधायचे. पत्र्याचं काम, लांबी भरणं, सीटची शिवण हे सगळं आपल्या पट्ट्यात होतं. बोअरिंग आणि क्रँकचं ग्राइंडिंग करणारे लेथवाले ठाण्याच्या वागळे इस्टेटीत शोधावेत, आणि सीटसाठी उल्हासनगर आहेच. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन हा जुना विनोद अमेरिकन गाडीच्या बाबतीत किती खरा व्हावा! शेवटचा रंग मात्र पावसाळ्यात मारायचा नाही. दमट हवेत ड्युकोवर पांढुरकी झाक येते. जून ते सप्टेंबर इंजिन करा, रंगाला दिवाळीनंतरचा मुहूर्त.

आणखी एक नवी काळजी म्हणजे पेट्रोल. २०२५ पर्यंत देशभरात वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आलं. जुन्या पेट्रोल पंपाचा पडदा आणि रबरी नळ्या इथेनॉलसाठी बनलेल्या नव्हत्या, त्या फुगतात, चिरतात. आजच्या मालाच्या नव्या नळ्या आणि नवा पडदा घालणं हे पहिलं काम. यातलं काही इथेनॉल उसाचं. वालचंदांच्या उसाने वालचंदांच्या गाडीचा पंप खावा, असा हा योग.

इथपर्यंत सगळं तांत्रिक. खरा पेच याच्या पुढे आहे, आणि तो आपल्या धंद्यातल्या भाषेत सांगायचा तर असा: रोलबॅक कुठल्या व्हर्जनला करायचा?

डेट्रॉइटहून खोक्यातून निघालेल्या गाडीला? पण तशी ती कधी रस्त्यावर आलीच नाही. कुर्ल्यातून बाहेर पडली त्या दिवशीच्या गाडीला? की १९७५ मध्ये डिझेल बसवलेल्या, ज्या गाडीतून आजीला बाळंतपणाला नेलं त्या गाडीला? भारत सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांचे नियम काढले. पन्नास वर्षांहून जुनी गाडी त्यात बसते. नव्याने नोंदणी केली तर 'व्हीए' अक्षरांची पाटी मिळते, आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं, नूतनीकरणाचे पाच हजार. रोज ऑफिसला न्यायची परवानगी नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरती बाहेर काढायची. आणि महत्त्वाची अट अशी की चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नको.

नियम करणाऱ्यांचा हेतू योग्यच आहे. नाहीतर उद्या कुणी नव्या इंजिनावर जुनी बॉडी ठेवून व्हिंटेज म्हणेल. पण परिणाम बघा. जी गाडी गराजमध्ये नुसती पडून राहिली ती नियमात बसते. जिला लोकांनी हाताने जगवलं, डिझेल घालून, पोटाला चिमटा काढून चालती ठेवली, ती अडते. गाडीचं वाचणं हाच तिचा दोष ठरतो. तिला साध्या आरसीवर पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण करत राहावं लागतं, नाहीतर कुठूनतरी सहा सिलिंडरचं जुनं इंजिन पैदा करून पुन्हा बसवावं लागतं.

माझं मत विचाराल तर मूळ इंजिन मिळत असेल तर जरूर बसवा. ते इंजिन चालताना ऐकणं हा आनंदच वेगळा आहे. पण काढलेलं डिझेल भंगारात देऊ नका. कुठल्या ट्रकचं, कुणी बसवलं, माउंटिंगसाठी चासीला कुठे वेल्डिंग केलं, याचे फोटो काढा, लिहून ठेवा. आरसी बुक हा या गाडीचा बदलांचा लॉग आहे. मालकांची नावं, पत्ते, टॅक्स, रंगबदल, इंधनबदल, सगळं तारखेनिशी. घरातल्या किती माणसांचा एवढा व्यवस्थित इतिहास आपल्याकडे आहे? गाडी उघडताना निघणारे नटबोल्ट श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत भरतो आपण. ज्याचं अक्षर चांगलं त्याच्याकडून डब्यांवर लेबलं लावून घेतो. तीच शिस्त या माहितीला लावायची.

कारण संपत चाललेली गोष्ट पत्रा नाही. पत्रा ठोकून मिळतो. मॅन्युअलही इंटरनेटवर मिळतं. त्यात हूड म्हणजे आपलं बॉनेट, ट्रंक म्हणजे डिकी आणि फेंडर म्हणजे मडगार्ड एवढं कळलं की पोरांनी वाचावं आणि मोठ्यांनी करावं अशी घरगुती वाटणीही जमते. पण कुर्ल्यात उजवीकडे स्टिअरिंग बसवताना काय वेगळं केलं, अमेरिकन भाग न मिळाल्यावर कुठला देशी भाग चालायचा, डिझेल बसवताना गिअरबॉक्सचं काय करायचे, हे कुठल्याच मॅन्युअलमध्ये नाही. ते माणसांच्या डोक्यात आहे.

आणि ती माणसं कुठे आहेत? कारखान्यात आता कुणी नाही. कुर्ल्याच्या जागेवर कोहिनूर सिटी उभी आहे, मागे 'प्रीमियर रोड' एवढं नाव राहिलं आहे. प्रीमियरचा दुसरा कारखाना कल्याण-शिळ रस्त्यावर, डोंबिवलीजवळ. नव्वदच्या दशकात तिथे फ्रेंच प्यूजो ३०९ निघाली, दशक संपायच्या आत प्यूजोने काढता पाय घेतला, कारखाना थंडावला. डोंबिवलीतल्या आमच्या पिढीला 'प्रीमियर' म्हणजे सभेचं मैदान आणि रिक्षावाल्याला सांगायची खूण. पण कारखाने बंद झाले तरी कामगार काही हवेत विरले नाहीत. मध्य रेल्वेच्या लाइनीवर, कळव्यापासून कल्याणपर्यंतच्या सोसायट्यांत, चाळींच्या जागी झालेल्या टॉवरांत, ते निवृत्त होऊन बसले आहेत. १९५४ मध्ये डॉज जोडणारा विशीतला फिटर आज नव्वदीच्या पुढे असेल, म्हणजे त्यांच्यातले बहुतेक गेलेच. पण १९७० मध्ये डॉज-फार्गो ट्रकांवर हात बसलेला पोरगा आज पंचाहत्तरीत आहे. त्याला ते इंजिन माहीत आहे. आपण ज्यांना सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीवरून तावातावाने भांडताना बघतो, त्या काकांपैकी कुणीतरी एक हा असू शकतो.

आपल्या धंद्यात असे प्रकल्प सगळ्यांनी बघितले आहेत. सिस्टिम चालू आहे, सोर्स कोड हरवलाय, आणि ज्याने लिहिला तो पुढच्या महिन्यात रिटायर होतोय. तेव्हा आपण काय करतो? त्याच्याशेजारी खुर्ची टाकून बसतो आणि लिहून घेतो. इथेही तेवढंच करायचं आहे. फरक इतकाच की इथे नोटिस पीरियड किती आहे ते कुणालाच माहीत नाही.

तेव्हा घरात, नात्यात, शेजारात अशी गाडी असेल तर पहिला खर्च रंगावर करू नका. आधी आरसी बुक शोधा. मग बॉनेट उघडून डिझेल आहे की सपाट डोक्याचं सहा सिलिंडरचं ते बघा, इंजिन नंबर आणि चासी नंबर लिहून घ्या. मग आपल्या बिल्डिंगमध्ये, आजूबाजूला चौकशी करा, प्रीमियरमध्ये कुणी होतं का. एखादे काका निघतील. खुर्ची टाका, चहा सांगा, मोबाइलचा रेकॉर्डर चालू करा आणि बॉनेटकडे बोट दाखवून विचारा, "काका, हे कसं उघडायचं?"